लाटेवरची मौज

(समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभे राहण्याचा खेळ हवाई बेटांवर फार प्राचीन काळापासून खेळला जात आहे. या पाठात त्या खेळाची, त्याच्या साहित्याची आणि तो दूरदेशी नेणाऱ्या एका थोर जलतरणपटूची माहिती दिली आहे.)

'मौज' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत मौज म्हणजे लाट. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला मजा, गंमत. 'दर्या' या शब्दाचेही असेच झाले. उर्दूत दरिया म्हणजे नदी; मराठीत दर्या म्हणजे समुद्र. पाण्याशी नाते असलेले शब्द पाण्यासारखेच वाहत जातात आणि जिथे पोहोचतात तिथला आकार घेतात. आज आपण ज्या खेळाविषयी वाचणार आहोत, त्यात मौजेचे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत, उर्दूतला आणि मराठीतला.

या खेळाला सर्फिंग म्हणतात. खेळणारा एक लांबट फळी घेऊन समुद्रात जातो. फळीवर पालथा झोपून तो दोन्ही हातांनी पाणी मागे सारतो आणि लाटा जिथे फुटतात त्याच्या पलीकडे जाऊन थांबतो. पाठीमागून चांगली लाट आली, की किनाऱ्याकडे तोंड करून तो जोराने हात मारू लागतो. लाट फळीला उचलते. त्या क्षणी तो झटकन पायांवर उभा राहतो आणि लाटेच्या उतारावरून घसरत येतो. हे सारे काही सेकंदांत संपते. मग पुन्हा फळीवर पालथे व्हायचे आणि पुन्हा आत जायचे. वाचायला सोपे वाटते, पण पहिल्या दिवशी बहुतेकांच्या नाकातोंडात पाणीच जाते.

लाट म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. तुम्ही समुद्रात तरंगणारा नारळ पाहिला आहे का? लाट आली की तो वर जातो, लाट गेली की खाली येतो. लाट पुढे निघून जाते. नारळ मात्र जवळजवळ तिथेच राहतो. याचा अर्थ असा, की खोल समुद्रात लाटेबरोबर पाणी पुढे जात नाही, पुढे जाते ती ऊर्जा. ही ऊर्जा वाऱ्याकडून येते. भर समुद्रात वादळ झाले, की वारा पाण्याला ढकलतो आणि लाटा निर्माण होतात. त्या हजारो किलोमीटर प्रवास करतात. वाटेत लहान लाटा विरून जातात, मोठ्या लाटा रांगेने पुढे सरकत राहतात. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले, की लाटेचा खालचा भाग तळाला घासल्यासारखा मंद होतो, वरचा भाग मात्र पुढे धावतो. लाट उभी राहते आणि शेवटी कोसळते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की लाट फुटते असे समजतात.

म्हणूनच सर्फिंग करणाऱ्यांना आकाशापेक्षा समुद्राच्या तळाची चिंता अधिक. तळाला वाळू आहे की खडक, उतार हळू आहे की एकदम, यावर लाट कशी फुटेल हे ठरते. हवाईतील ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात घराएवढ्या लाटा येतात, कारण त्या दिवसांत उत्तर पॅसिफिक महासागरात मोठी वादळे होतात. त्याच बेटाच्या दक्षिणेला असलेल्या वाइकीकीला उन्हाळ्यात लाटा मिळतात. त्या येतात दक्षिण गोलार्धातून, कारण तेव्हा तिकडे हिवाळा असतो. वादळ कुठे, आणि मौज कुठे!

हवाई बेटे पॅसिफिक महासागराच्या मध्यात आहेत. अमेरिकेचा किनारा तिथून सुमारे ३८०० किलोमीटर दूर आहे. तेथील मूळ रहिवासी या खेळाला 'हेए नालू' म्हणत. हेए म्हणजे घसरणे आणि नालू म्हणजे लाट. राजे, सरदार, सामान्य लोक, स्त्रिया, मुले, सारेच तो खेळत. फळ्या मात्र सारख्या नसत. 'ओलो' नावाची लांब, जड फळी सरदार घराण्यांतील लोकांची. 'अलाया' नावाची पातळ, आखूड फळी इतरांची. फळीसाठी झाड तोडण्यापूर्वी बुंध्याशी मासा अर्पण करण्याची रीत होती असे सांगतात. फळी तासून झाल्यावर ती प्रवाळाच्या तुकड्यांनी घासत आणि तिला कुकुई नावाच्या फळाच्या बियांचे तेल लावत. खेळ झाला, की फळी वाळवून, पुन्हा तेल देऊन, कापडात गुंडाळून घरात ठेवत. आपल्याकडे चांगला कारागीर आपली हत्यारे जपतो, तसेच हे.

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक १७७८ मध्ये हवाईला पोहोचला. पुढच्या वर्षी त्याच्या जहाजावरील अधिकारी जेम्स किंग याने हा खेळ पाहिला आणि त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. ज्या लाटांना युरोपचे खलाशी भीत, त्यांत ही माणसे हसत शिरत होती, याचे त्याला मोठे नवल वाटले. १८६६ मध्ये प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन हवाईला गेला. त्यानेही फळी घेऊन लाटेवर बसायचा प्रयत्न केला. फळी किनाऱ्याला लागली आणि लेखकमहाशय तळाला गेले, असे त्याने स्वतःच गमतीने लिहिले आहे.

पण त्या शतकात हवाईच्या लोकांवर मोठे संकट आले होते. बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर नवे रोग आले. तेथील लोकांच्या अंगी त्या रोगांशी लढण्याची शक्ती नव्हती. गावेच्या गावे ओस पडली. जीवनाची रीत बदलली. १८९३ मध्ये हवाईच्या राणीचे राज्य उलथवले गेले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. या साऱ्यात लाटांवरचा खेळ जवळजवळ विसरला गेला. जवळजवळ म्हणायचे ते यासाठी, की वाइकीकीच्या किनाऱ्यावर काही मुले अजून फळ्या घेऊन पाण्यात शिरत होती. त्यांतलाच एक मुलगा म्हणजे ड्यूक काहानामोकू.

ड्यूक ही त्याची पदवी नव्हे, नाव होते. १८६९ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो हवाईला आला होता. त्याच सुमारास जन्मलेल्या एका बाळाचे नाव 'ड्यूक' ठेवले गेले. तो बाळ मोठा होऊन पोलीस झाला, आणि त्याने आपल्या मुलालाही तेच नाव दिले. हा मुलगा २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे जन्मला. घरात भावंडे पुष्कळ. समुद्र घरापासून जवळ. त्याचे बालपण पाण्यातच गेले म्हणायला हरकत नाही.

११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलूच्या बंदरात पोहण्याच्या शर्यती झाल्या. तिथे तलाव नव्हता; धक्क्याजवळच्या खाऱ्या पाण्यात अंतर मोजून शर्यत लावली होती. ड्यूकने १०० यार्ड अंतर ५५.४ सेकंदांत पार केले. हा वेळ इतका कमी होता, की अमेरिकेतील पदाधिकाऱ्यांचा विश्वासच बसेना. तुमची घड्याळे चुकली असतील, नाहीतर पाण्याच्या ओढीने त्याला मदत केली असेल, असे म्हणून त्यांनी तो विक्रम नाकारला. होनोलुलूच्या लोकांना फार वाईट वाटले. त्यांनी वर्गणी काढून ड्यूकला अमेरिकेत पाठवले. तिथे निवड होऊन तो १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला गेला आणि १०० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक जिंकले. आता घड्याळाविषयी कोणी बोलले नाही.

१९१६ चे ऑलिंपिक पहिल्या महायुद्धामुळे झालेच नाही. १९२० मध्ये अँटवर्प येथे ड्यूक यांनी पुन्हा सुवर्णपदक मिळवले. तेव्हा ते तीस वर्षांचे होते. १९२४ मध्ये पॅरिसला त्यांना रौप्यपदक मिळाले आणि त्याच शर्यतीतील कांस्यपदक त्यांच्या धाकट्या भावाला, सॅम्युएलला मिळाले.

परंतु ड्यूक जिथे जात, तिथे लोकांना पोहून दाखवत आणि जमल्यास लाटेवर उभे राहूनही दाखवत. १९१४ च्या डिसेंबरात ते ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीजवळ फ्रेशवॉटर नावाचा किनारा आहे. लोकांनी आग्रह धरला, पण फळी कुठे होती? ड्यूक यांनी पाइन वृक्षाचे लाकूड मागवले आणि स्वतःच्या हातांनी तासून साडेआठ फुटांहून थोडी लांब फळी तयार केली. तिच्यावर उभे राहून ते लाटेवरून आले, तेव्हा किनाऱ्यावर जमलेले लोक थक्क झाले. ऑस्ट्रेलियात त्याआधीही कोणी कोणी असे तुरळक प्रयत्न केले होते. पण हे कौशल्य लोकांच्या मनात भरले ते त्या दिवसांत. एकदा त्यांनी इझाबेल लेथॅम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्याच फळीवर पुढे घेतले. लाटेच्या माथ्यावरून खाली पाहताना तिला कड्यावरून कोसळत असल्यासारखे वाटले. पण तिने पाय घट्ट रोवले. पुढे ती स्वतः पोहणे शिकवू लागली. पाइनची ती फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक मंडळाने आजवर जपून ठेवली आहे.

आता १४ जून १९२५ च्या सकाळची गोष्ट ऐका.

ड्यूक तेव्हा कॅलिफोर्नियात राहत होते. न्यूपोर्ट नावाच्या गावाजवळ बंदराचे मुख होते. आपल्या कोकणातही खाडीच्या मुखाशी वाळू साचते आणि तिथून होडी आत आणताना तांडेल फार सावध असतो. न्यूपोर्टलाही तसेच होते. वाळूच्या उथळ पट्ट्यामुळे मुखाशीच लाटा फुटत. त्या दिवशी समुद्राला उधाण आले होते. ड्यूक आणि त्यांचे मित्र किनाऱ्यावर फळ्या घेऊन आले होते. तेवढ्यात 'थेल्मा' नावाची मासेमारीची बोट बंदरात शिरताना दिसली. ती मुखाशी आली आणि एका प्रचंड लाटेखाली सापडून उलटली. माणसे पाण्यात फेकली गेली.

अशा वेळी पोहत जाणारा जीवरक्षक काय करू शकतो? तो फार तर एकाला धरून आणेल, तेही त्याच्या स्वतःच्या अंगात बळ उरले तर. बुडणारा माणूस घाबरून मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. ड्यूक यांनी फळी उचलली आणि ते लाटांत शिरले. फळी पाण्यावर तरंगत होती. बुडणाऱ्याला धरायला काहीतरी मिळत होते. ड्यूक यांनी माणसांना फळीवर ओढून घेतले, किनाऱ्याला आणून सोडले आणि ते पुन्हा मागे फिरले. पुन्हा आणले, पुन्हा गेले. प्रत्येक वेळी त्याच फुटणाऱ्या लाटांतून बाहेर जायचे होते. त्यांनी एकट्याने आठ जणांना वाचवले. त्यांच्या दोन मित्रांनी आणखी चार जणांना आणले. त्या मित्रांपैकी गेरार्ड वल्टी हे पुढे विमानांचे रचनाकार म्हणून प्रसिद्ध झाले. पाच जण मात्र समुद्राने परत दिले नाहीत.

गावच्या पोलीसप्रमुखाने ड्यूक यांचे फार कौतुक केले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. अमेरिकेतील किनाऱ्यांवर जीवरक्षकांच्या साहित्यात फळीला जागा मिळाली. तोपर्यंत लोक तिला खेळणे समजत होते. न्यूपोर्टच्या बंदराचे मुखही नंतर सुधारले; बांध लांबवले, वाळू काढून खोली वाढवली आणि १९३६ मध्ये नवे बंदर खुले झाले.

ड्यूक यांच्या काळातील फळी उचलणे हाच एक व्यायाम होता. त्यांनी पुढे जुन्या 'ओलो'च्या नमुन्यावर कोआ लाकडाची एक फळी बनवली. ती १६ फूट लांब होती आणि तिचे वजन सुमारे ५२ किलो होते. गव्हाच्या पोत्याएवढे! ती वळवणे कठीण. सरळ रेषेत मात्र छान जाई. हे वजन कमी कसे करावे, याचा ध्यास टॉम ब्लेक या अमेरिकन तरुणाने घेतला. ब्लेकला लहानपणी समुद्र माहीतही नव्हता. १९२० मध्ये एका चित्रपटगृहात त्याची ड्यूक यांच्याशी अचानक गाठ पडली, हात मिळवला आणि त्या हाताने त्याचे आयुष्यच ओढून नेले. त्याने आतून पोकळ फळी तयार केली. १९३५ मध्ये त्याने फळीच्या खाली मागच्या बाजूला एक लहानसे पाते बसवले. माशाच्या परासारखे म्हणा, किंवा होडीच्या सुकाणूसारखे. त्यामुळे फळी बाजूला घसरेनाशी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूचे कापड आणि चिकट राळ बाजारात आली. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडावर त्यांचे आवरण चढवू लागले. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी लाकडाऐवजी फोम वापरायला सुरुवात केली. आता फळी एका हाताने काखेत धरून नेता येऊ लागली, आणि शाळकरी मुलेमुलीही तिच्यावर चढली. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन याने एका पात्याऐवजी तीन पाती लावली. आजही बहुतेक आखूड फळ्यांना तीन पाती असतात.

फळी सुधारली, पण थंडीचे काय? हवाईचे पाणी कोमट असते. सॅन फ्रान्सिस्कोचे पाणी मात्र असे गार, की थोड्याच वेळात हातपाय बधिर होतात. लोक लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात उतरत आणि भिजलेल्या मेंढ्यांसारखे कुडकुडत बाहेर येत. १९५२ मध्ये जॅक ओनील या गृहस्थाने तिथल्या किनाऱ्याजवळ एका गॅरेजमध्ये सर्फिंगच्या सामानाचे दुकान काढले. त्याच सुमारास ह्यू ब्रॅडनर नावाच्या शास्त्रज्ञाने पाणबुड्यांसाठी निओप्रीन या कृत्रिम रबराचा पोशाख सुचवला होता. असे पोशाख ओनील यांनी सर्फिंग करणाऱ्यांसाठी शिवले आणि विकले. या पोशाखात पाणी शिरतच नाही असे नाही. थोडे शिरते, पण ते आतच अडकून राहते आणि अंगाच्या उष्णतेने कोमट होते. रबरात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात. ते ही ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. आपली रजई ऊब धरते ती कापसात अडकलेल्या हवेमुळेच.

ओनील यांच्या घरीच आणखी एक वस्तू तयार झाली. पूर्वी माणूस पडला, की फळी एकटीच किनाऱ्याकडे धावे. मालक पोहत तिच्यामागे जाई आणि वाटेत कोणी आंघोळ करत असेल तर फळी त्याच्या डोक्यात बसे. १९७१ मध्ये ओनील यांचा मुलगा पॅट याने रबरी नळीचा दोर फळीला बांधला. पहिल्यांदा लोक हसले. हा तर नवशिक्यांचा दोर, असे म्हणत. शिवाय रबर फार ताणले जाई आणि फळी गोफणीतल्या दगडासारखी परत येई. अशाच एका फळीने जॅक ओनील यांचा डावा डोळा गेला. पुढची बरीच वर्षे ते त्या डोळ्यावर काळी पट्टी बांधत. म्हणून दोर टाकून दिला का? नाही. कमी ताणले जाणारे साहित्य शोधले. हल्ली हा दोर घोट्याला बांधल्यावाचून क्वचितच कोणी आत जातो. फळी जवळ राहते, दुसऱ्याला लागत नाही, आणि दमलेल्या माणसाला धरायला आधार मिळतो.

अशा दुकानात पहिल्यांदा जाणारा मुलगा बहुधा रंग पाहून फळी निवडतो. शहाणा दुकानदार त्याला आधी वजन विचारतो, मग पोहता येते का ते विचारतो. पोहता येत नसेल तर त्याने फळी विकू नये, असे मला वाटते. नवशिक्याला लांब, रुंद, जाड फळी लागते. वरून मऊ फोमची असली तर उत्तम. ती सावकाश चालते, पण तोल सांभाळते आणि डोक्याला लागली तरी जखम कमी होते. आखूड, टोकदार फळी दिसायला झोकदार. नवशिक्याच्या हाती ती नुसती बुडते. फळीवर पाय घसरू नये म्हणून मेण घासतात. हे मेण वरच्या बाजूला लावायचे असते. काही जण ते चुकून खालच्या बाजूला लावतात आणि मग फळीवर उभे राहताच आडवे होतात. गरम पाण्यासाठी कडक मेण आणि थंड पाण्यासाठी मऊ मेण मिळते. फळीला चीर पडली तर ती वाळवून लगेच बुजवावी लागते. नाहीतर आतला फोम पाणी पितो आणि फळी जड होते.

पाण्यातही काही नियम पाळावे लागतात. लाट जिथे फुटू लागते, त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. एका लाटेवर एकच जण. दुसऱ्याच्या वाटेत घुसणे म्हणजे रांग मोडण्यासारखे आहे. ते असभ्य तर आहेच, धोक्याचेही आहे. आणखी एक गोष्ट प्रत्येकाला, अगदी नुसते पाय भिजवायला गेलेल्यालाही, ठाऊक असावी. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठूनतरी परत जातेच. कधी कधी ते एका अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे ओढले जाते. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा वरून शांत दिसते आणि लोक फसतात. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. माणूस दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग परतावे. तेवढे बळ नसेल तर तरंगत राहावे आणि हात वर करून मदत मागावी.

लाटा एका जागी रोज मिळत नाहीत. म्हणून हे लोक फार हिंडतात. ब्रूस ब्राउन यांचा 'द एंडलेस समर' हा चित्रपट १९६६ मध्ये जगभर गाजला. कॅलिफोर्नियातील दोन तरुण उन्हाळ्याच्या मागोमाग आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती असे फिरतात, एवढीच त्याची कथा. दक्षिण आफ्रिकेत ते वाळूच्या टेकड्या ओलांडून जातात आणि समोर एका रेषेत फुटणाऱ्या लांबच लांब लाटा पाहतात. तो चित्रपट पाहून किती जणांनी पिशव्या बांधल्या असतील कोण जाणे! फळी विमानाने न्यायची तर पाती काढून ठेवतात, फळीभोवती टॉवेल आणि कपडे गुंडाळतात. आणि परक्या किनाऱ्यावर उतरल्यावर पहिला दिवस शहाणे लोक नुसते पाहण्यात घालवतात. खडक कुठे, ओढ कुठे, हे तिथल्या कोळ्यांइतके कोणाला ठाऊक असणार?

आपल्या देशात हा खेळ उशिरा आला. कर्नाटकातील मुल्की येथे एका आश्रमातील लोकांनी तो सुरू केला. मुंबईची इशिता मालविया २००७ मध्ये मणिपाल येथे शिकत होती. तिथे तिला या खेळाची ओळख झाली. पुढे ती भारतातील पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाऊ लागली. उडुपीजवळच्या कोडी बेंगरे या कोळ्यांच्या गावी तिने आपल्या जोडीदारासह सर्फिंगचे वर्ग चालवले आणि गावातील मुलांना पाण्याची भीती न बाळगता, पण पाण्याचा मान ठेवून पोहायला शिकवले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत कोळी होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतात. जे कोळी करतात, तेच इतरांनीही करावे.

ड्यूक काहानामोकू पुढे अनेक वर्षे, १९६१ पर्यंत, होनोलुलूचे शेरीफ होते. ऑलिंपिकमध्ये सर्फिंग असावे अशी त्यांची फार इच्छा होती. २२ जानेवारी १९६८ रोजी ते वारले. वाइकीकीला लोक होड्या आणि फळ्या घेऊन समुद्रात गेले आणि त्यांची रक्षा तिथेच लाटांवर सोडली. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, २०२१ मध्ये, जपानमधील ऑलिंपिकमध्ये सर्फिंगच्या पहिल्या स्पर्धा झाल्या. महिलांचे पहिले सुवर्णपदक कॅरिसा मूर हिने जिंकले. ती होनोलुलूचीच.

वाइकीकीला १९९० मध्ये ड्यूक यांचा पुतळा उभारला आहे. मागे उभी फळी, दोन्ही हात पसरलेले. येणारे जाणारे त्या हातांत फुलांच्या माळा अडकवतात. पुतळ्याचे तोंड रस्त्याकडे आहे आणि पाठ समुद्राकडे. जुन्या लोकांना हे मुळीच आवडले नाही. ड्यूक समुद्राकडे पाठ करून कधीच उभे राहिले नसते, असे ते म्हणतात.

शब्दार्थ

दर्यावर्दी – समुद्रातून प्रवास करणारा. उधाण – समुद्राला आलेली मोठी भरती. तांडेल – होडीवरील खलाशांचा प्रमुख. सुकाणू – होडीची दिशा बदलण्याचे साधन. राळ – चिकट पदार्थ. झोकदार – ऐटबाज. रक्षा – दहनानंतर उरलेली राख.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हेए नालू या शब्दांचा अर्थ काय?
(आ) ड्यूक यांनी ऑस्ट्रेलियात फळी कशाची बनवली?
(इ) निओप्रीनचा पोशाख ऊब कशी धरतो?

२. कारणे लिहा.
(अ) अमेरिकेतील पदाधिकाऱ्यांनी ड्यूकचा विक्रम नाकारला.
(आ) रबरी दोर धोक्याचा असूनही लोकांनी तो टाकून दिला नाही.
(इ) जुन्या लोकांना वाइकीकीचा पुतळा आवडला नाही.

३. 'थेल्मा' बोटीवरील माणसांना ड्यूक यांनी कसे वाचवले, ते आपल्या शब्दांत सात-आठ ओळींत लिहा.

४. मौज, दर्या, खलाशी, तुफान हे शब्द उर्दूत व मराठीत कोणकोणत्या अर्थांनी वापरतात, ते शिक्षकांना व घरातील मोठ्यांना विचारून लिहा.